जयाआक्काच्या लग्नाची कॅसेट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत लोखंडी कपाट. ते उघडलंत तर कपडे दिसणार नाहीत. पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या काळ्या डब्या दिसतील, वरच्या कप्प्यापासून खालच्यापर्यंत. एखादी हातात घ्या. कंपासपेटीपेक्षा मोठी आहे, वजनाला हलकी आहे, आणि हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. आत दोन चाकं आहेत आणि चाकांवर काळी फीत गुंडाळलेली आहे. ती उलगडली तर गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईल. त्या फितीवर गाणी आहेत. नुसती ऐकायची नव्हेत, बघायची गाणी.

तुम्हाला आज एखादं गाणं हवं असलं तर तुम्ही मोबाइलला सांगता आणि ते येतं. तेव्हा गाणं स्वतःच्या वेळेला यायचं. आठवड्यातून एकदा टीव्हीवर दिसायचं आणि निघून जायचं. जो माणूस यंत्राच्या बटणावर बोट ठेवून दबा धरून बसलेला असे, त्यालाच ते सापडे. असाच एक माणूस या घरात राहत होता. वखारीत पोती वाहणारा, मग भाड्याचा व्हिडिओ सायकलला बांधून खेडोपाडी फिरवणारा आपला देवाप्पा. त्याच्या बोटाची ख्याती अशी की एका गाण्याच्या शेपटीलाही जाहिरात चिकटलेली नाही.

आता त्या खोलीचा वास घ्या. कसर लागू नये म्हणून देवाप्पानं डब्यांच्या मागं तंबाखूची सुकी पानं ठेवली आहेत. डोळे उघडलेत तरी चालेल. वास आला असेल तर तुम्ही घरात पोचलात.

रविवारची सकाळ होती आणि घर आवरायला काढलं होतं. न्हाणीत घसरून पडल्यापासून देवाप्पांना काठी लागली होती. त्यांनी आता एकट्यानं राहू नये असं ठरलं होतं आणि त्यांचा मुलगा दीपंकर आप्पांना बेळगावला न्यायला आला होता. पाटबंधारे खात्यातला अभियंता, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आप्पांसाठी काढलेली लहान खोली. त्या खोलीत एक खाट आणि एक टेबल मावत होतं. कपाट मावत नव्हतं.

दीपंकर कपाटासमोर उभा राहिला. या कपाटाशी त्याचं कधी जमलं नव्हतं. तो लहान असताना गाण्यांचा कार्यक्रम लागायची वेळ झाली की आप्पा त्याला छपरावर चढवत. अँटेना कोल्हापूरकडं वळवली की मराठी, बेळगावकडं वळवली की कन्नड. खालून आप्पा ओरडत, "आणखी जरा! आलं! सोड हात!" हात सोडला की चित्रात मुंग्या. धरला की चित्र लख्ख. शेवटी आप्पा म्हणत, "धरूनच ऱ्हा रं बाळा." मग कार्यक्रम संपेपर्यंत दीपंकर छपरावर दांडी धरून उभा. गल्लीतली निम्मी माणसं आत बसून गाणी बघत. त्यानं एकही बघितलं नाही.

"आप्पा, एक खोकं भरून घेऊ या," तो म्हणाला. "तुम्हाला आवडतात ती तुम्हीच काढा. बेळगावच्या वडगावात एकजण यंत्रमागाच्या खोलीत बसून हेच काम करतो, कॅसेटवरचं पेन ड्राइव्हवर घेतो. त्यानंच हे मशिन दिलंय. चालू आहे. आधी लावून बघू, कुठल्या टिकल्यात, कुठल्या नाहीत."

"आन् ऱ्हायलेल्या?" देवाप्पा खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले.

"राहिलेल्या काय, प्लास्टिकच की."

"दीपू," स्वयंपाकघरातून थोरल्या बहिणीचा, जयाबाईंचा आवाज आला, "तोंडावर तरी बोलू नगंस तसं."

"मग कुठं बोलू आक्का? तुझ्या संकेश्वरच्या घरात जागा आहे का सांग, पाठवतो सगळ्या."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

दीपंकरची मुलगी पारमिता फरशीवर मांडी घालून डब्या पुसत होती. दहा वर्षांची पोर. एकसारखी प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. "आप्पा, ह्या सगळ्यांचा कोपऱ्यातला एक तुकडा मोडलाय. पडल्या होत्या का?"

"न्हाय गं बाय. मुद्दाम मोडलाय मी." देवाप्पांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "त्यो तुकडा हाय तवर त्या कॅसेटवर दुसरं कायबी भरता येतंय. मोडला की मशिन भरूच देत न्हाय. गाणं पक्कं झालं. कुणी पुसाय आलं तरी पुसायचं न्हाय."

"मग चुकून नको ते भरलं असेल तर?"

"तर तेबी पक्कं," देवाप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

धाकटी बहीण तेजस्वी खानापूरहून आली तेव्हा दुपार होत आली होती. रात्रपाळी करून, दोन बस बदलून आलेली. नर्सची नोकरी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं पिशवी ठेवली, आप्पांचा गुडघा दाबून बघितला, पारमिताच्या डोक्यावर टपली मारली आणि कपाटासमोर बसली.

"वाटण्या चालू झाल्या व्हय?" ती हसत म्हणाली. "मला बाकीचं काही नको दादा. आक्काच्या लग्नाची कॅसेट तेवढी मला दे. आज लावायची आणि आजच न्यायची."



तेजस्वी तान्ही असताना या तिघा भावंडांची आई, लक्ष्मीबाई, काविळीनं गेली. तेजस्वीकडं आईचा एक फोटो होता आणि एक गोष्ट होती. गोष्ट अशी की आई विड्या वळता वळता गायची, गल्ली काम टाकून ऐकायची, आणि जयाआक्काच्या लग्नात मंडपात बायकांनी तिला उभं करून गायला लावलं तेव्हा शूटिंग चालू होतं. म्हणजे आईचा आवाज जगात एका ठिकाणी शिल्लक होता. लहानपणी तेजस्वी ती कॅसेट मागायची. आप्पा म्हणायचे, मशिन बिघडलंय. मोठेपणी मागायची. आप्पा म्हणायचे, बघू.

"ती खराब झालीया," देवाप्पा आता म्हणाले.

"तुम्ही बघितली?"

"मशिन कुठं हुतं? कशावर बघणार?"

"मग खराब झाली हे कशावरनं?"

देवाप्पांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. तेजस्वी उठून वरच्या कप्प्यात हात घालू लागली. ती कॅसेट कुठं असते हे तिला पाठ होतं, उजव्या टोकाला, पांढऱ्या वेष्टनातली. तिथं आज मोकळी जागा होती आणि जागेच्या दोन्ही बाजूंच्या डब्या एकमेकींवर कलंडल्या होत्या.

"कुणी काढली?"

पारमितानं दीपंकरकडं बघितलं. दीपंकरनं आप्पांकडं. आणि स्वयंपाकघरात जयाबाईंनी भाकरीचं पीठ मळणं थांबवलं.

सकाळी दीपंकरची गाडी यायच्या आधीच आप्पांनी जयाला हाक मारली होती. "जया, ती कॅसेट पोरीच्या हाताला लागू देऊ नगंस." ती म्हणाली होती, "का?" आप्पा म्हणाले होते, "लागू देऊ नगंस म्हंतोय न्हवं." तिनं आणखी विचारलं नव्हतं. कॅसेट काढली होती आणि स्वतःच्या पिशवीत लुगड्यांखाली घातली होती.

आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. जयाबाईंना स्वतःलाही हे कबूल करायला जड गेलं असतं. आई गेली तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरहून आहेर न आणता तान्हं पोर कडेवर घेऊन आलेली सून संकेश्वरच्या घरानं कशी सोसली हे तिचं तिला ठाऊक. तापात रात्रभर पोरीला छातीवर घेऊन गाणी म्हटली ती जयानं. शाळेत पहिल्यांदा नेऊन सोडलं जयानं. आणि ती पोर आयुष्यभर एका डबीकडं बघत राहिली होती.

ती हात न धुताच बाहेर आली. "मी काढली. माझ्या लग्नाची हाय, माझ्यापाशी हाय."

"आक्का, मी कधीपासून मागतेय."

"मागतीयास की. कळायला लागल्यापास्नं मागतीयास." जयाबाईंचा आवाज चढला. "तुला झोपवायला कोण गात होतं गं? का ते गाणं न्हवतं? माझा आवाज पुरला न्हाय व्हय तुला?"

तेजस्वीचं तोंड उतरलं. ती हळू म्हणाली, "तुझा आवाज मी डोळे मिटले तरी ऐकू येतो, आक्का. तिचा येत नाही. ज्यानं दोन्ही ऐकलेत त्याला हे कळायचं नाही."

जयाबाई तशाच उभ्या राहिल्या. पिठाचे हात समोर धरलेले. मग त्या आत गेल्या, पिशवी उपसली आणि कॅसेट आणून तेजस्वीच्या नव्हे, दीपंकरच्या हातात दिली.

"लाव."

"जया," देवाप्पा म्हणाले.

"आप्पा, का नगं ते सांगा, न्हायतर लावू द्या."

देवाप्पांनी काठी टेकत उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं साथ दिली नाही, आणि ते परत खाटेवर बसले. म्हाताऱ्या माणसाला खोलीतून निघून जाता येत नाही, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करतो. देवाप्पांनी तसं केलं.

दीपंकरनं कॅसेटची झडप उचलून फीत बघितली. कडेला बुरशीचे पांढरे ठिपके होते. त्यानं कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन यंत्राचा आतला भाग पुसला, जुन्या टीव्हीला वायर जोडल्या आणि डबी आत ढकलली. यंत्रानं ती ओढून घेतली. आधी पडद्यावर मुंग्या आल्या, मग निळा पडदा, मग एक बदामाचा आकार गरगरत मोठा झाला आणि त्यात जयाआक्काचं नाव उमटलं.

पारमिता खुदकन हसली. तेजस्वीसुद्धा हसली.

मंडप दिसला. टेबलावर पांढरं वस्त्र, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. पांढऱ्या साडीतली काडीसारखी जया. "आत्या, तू किती बारीक होतीस!" पारमिता ओरडली. "गप गं," जयाबाई म्हणाल्या, पण पुढं सरकून बसल्या. सगळे हात जोडून उभे होते. त्रिशरण-पंचशील चाललं असणार, कारण ओठ एकदमच हलत होते. ऐकू मात्र सनई येत होती.

"मिक्सिंग केलेलं दिसतंय," दीपंकर म्हणाला. तो अजून हसतच होता. त्या काळी लग्नाच्या कॅसेटला वरून गाणी घालायचीच पद्धत होती. हार घालताना एक, जेवणाच्या पंगतीला एक, पाठवणीला एक रडवणारं. ज्याच्या कॅसेटला जास्त गाणी त्याचं लग्न भारी.

पंगती आल्या. गल्लीतली मेलेली माणसं जिवंत होऊन भात वाढू लागली. "हा मष्णूकाका. ही मालुबाई, वखारीतली," जयाबाई ओळखी सांगत होत्या. प्रत्येक चित्राला गाणं बदलत होतं. आणि प्रत्येक गाण्याबरोबर दीपंकरचं हसू कमी होत होतं. मुलांनो, त्याला जे कळत चाललं होतं ते तेजस्वीला अजून कळलं नव्हतं. ती गुडघ्यांना मिठी मारून, पडद्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

"आली," जयाबाई म्हणाल्या.

हिरवी साडी, कपाळ मोठं, कडेवर टोपडं घातलेलं तान्हं मूल. चार बायका लक्ष्मीबाईला पुढं ढकलत होत्या आणि ती पदरानं तोंड झाकून हसत होती. मग तिनं पदर सोडला. मुलाला नीट सावरलं. मान किंचित वर केली आणि तोंड उघडलं.

आणि टीव्हीतून हिंदी सिनेमातलं एक गाजलेलं गाणं सुरू झालं. व्हायोलिनांचा सगळा ताफा, बासरी, आणि त्यावर जगातला अतिशय गोड, अतिशय तयारीचा, अतिशय परका आवाज.

लक्ष्मीबाईचे ओठ हलत होते. गाणं संपायच्या आधी तिचे ओठ मिटले, गाणं चालू राहिलं. तिनं परत तोंड उघडलं तेव्हा बासरी वाजत होती.

"दादा, आवाज," तेजस्वी म्हणाली. "तिचा आवाज लाव ना."

दीपंकर उठून यंत्राशी खटपट करू लागला. एक वायर काढली, दुसरी लावली. त्याला माहीत होतं की उपयोग नाही, तरी तो करत राहिला, कारण थांबला असता तर वळून बघावं लागलं असतं.

"नगं शोधू रं," भिंतीकडून आवाज आला. "त्यात न्हाय ते."

सगळे वळले. देवाप्पा भिंतीशीच बोलत होते.

"मिक्सिंगवाल्यानं इचारलं हुतं मला. मूळ आवाज ठेवू का म्हणून. मी म्हटलं, कशाला? भांड्यांचा खडखडाट, पोरांची रडारड, काय ऐकायचंय त्यात? काढ समदा. माझ्या कॅसेटी घिऊन गेलतो मी. एकेक गाणं येचून दिलं. आन् हिच्या टायमाला..." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "हिच्या टायमाला माझ्याकडचं सगळ्यात भारी गाणं दिलं. छपरावर दीपू भिजत उभा हुता तवा घावलेलं. म्हटलं, हिच्या तोंडी हेच शोभतंय."

"आणि मूळची कॅसेट?" दीपंकरनं विचारलं.

"ती शूटिंगवाल्याची. त्यानं फुडच्या लग्नाला वापरली. सगळ्यांचं तसंच असायचं."

"आईला... आईला काय वाटलं?" हे जयाबाईंनी विचारलं.

"हसली. लई हसली. म्हटली, बघा की, मी टीव्हीतली बाई झाले. गल्लीला बोलवून दाखवली तिनं. तुम्ही समदी हुतासा. तुम्हाला तरी कुणाला वाटलं का, आवाज न्हाय म्हणून? ती घरात गातच हुती की. उठता बसता गात हुती." देवाप्पांनी पहिल्यांदा तोंड वळवलं. "ती गेल्यावर लावली मी. एकट्यानं. मग मशिन बिघडलं म्हणून सांगितलं."

तेजस्वी रडली असती तर बाकीच्यांना बरं झालं असतं.

शेवटी जयाबाईच उठल्या. त्यांनी पुढं होऊन टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. "मला ठावं हाय ती कुठलं म्हणत हुती. मागं घे दीपू. मी म्हणते, तू बघ तेजू. तिचंच गाणं हाय, तिनंच शिकवलंय मला."

फीत मागं गेली. लक्ष्मीबाईनं पदर सोडला, मान वर केली. जयाबाईंनी डोळे पुसून सूर लावला.

"हातामधी दोरा माझ्या, सुपामधी पान,
सुपाच्या गं कडंला माझं लेकरू ल्हान..."

आवाज चांगला होता. पण 'पान' पाशी जयाबाई थांबल्या तेव्हा पडद्यावरचं तोंड उघडंच होतं. आणि जयाबाईंनी दुसरी ओळ उचलली तेव्हा लक्ष्मीबाईनं ओठ मिटले होते. त्यांनी परत सुरुवात केली, जरा सावकाश. परत चुकलं. घाईनं म्हणून बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू घाबरत गेला.

"हेच हुतं," त्या म्हणाल्या. "मी बोहल्यावर बसलेली, मला आठवतंय की."

"ते नव्हतं आक्का," दीपंकर खाली बघत म्हणाला. "भीमजयंतीला म्हणायची ते होतं. लांब तान असलेलं."

"तू पंगतीत वाढत हुतास. तुला काय ठावं?"

"वाढत होतो म्हणूनच. पातेलं हातात घेऊन थांबलो होतो मी."

त्यानं ते गुणगुणून बघितलं. त्याला सूर नव्हता, पण ओळीची लांबी तरी कळत होती. तीही बसली नाही. बहीणभाऊ एकमेकांकडं बघत राहिले. इतकी वर्षं दोघांनी जपलेलं, रात्री अंथरुणात आठवलेलं, दोघांचंही खोटं निघालं होतं.

"आप्पा, तुम्ही सांगा," तेजस्वी म्हणाली. कॅसेट लागल्यापासून ती आप्पांशी पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्हाला तर गाण्यातलं कळतं. कुठलं होतं?"

देवाप्पांनी मान खाली घातली. गाणं पकडण्यासाठी आयुष्य घालवलेला तो माणूस, त्याच्यामागं गाण्यांनी भरलेलं कपाट.

"मी कॅमेऱ्यातनं बघत हुतो, पोरी. शूटिंगवाल्याला म्हटलं, मला जरा भिंगातनं बघू दे. ती टीव्हीत कशी दिसंल त्ये बघत हुतो. लई देखणी दिसत हुती." त्यांनी पडद्याकडं बघितलं. "ऐकलंच न्हाय मी."

तेजस्वी उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

तिच्यामागं कोण जाणार? जयाबाई दारापर्यंत गेल्या आणि परतल्या. सकाळी ज्यांच्यासाठी त्यांनी कॅसेट लपवली त्या आप्पांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या चुलीपाशी जाऊन वाळलेल्या पिठावर पाणी शिंपडू लागल्या. आणि सकाळी ज्याला कपाट प्लास्टिक वाटत होतं तो दीपंकर खाटेवर आप्पांच्या शेजारी टेकला. मग त्यानं वडगावला फोन लावला आणि खालच्या आवाजात विचारलं, गाण्याखालचा मूळ आवाज काही करून काढता येतो का? पलीकडं माग खटखट वाजत होते. "हं," दीपंकर म्हणाला. "हं. बरं. नाही, ठीक आहे." आणि फोन खिशात ठेवला.

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर तेजस्वी बसली होती. वखारीच्या भिंतीवर ऊन होतं. तिला आईचा राग येत होता. राग यायला नको हे कळत होतं, तरी येत होता. इतकं हसायला काय झालं होतं तिला? एकदा म्हणाली असती, अहो, माझा आवाज कुठं गेला? तेवढं एक वाक्य. मग तिच्या मनात आलं की आई अडतीस वर्षांची होती आणि आपण मरणार आहोत हे तिला माहीत नव्हतं. आपल्या आवाजाचं काय करायचं, असा प्रश्न जिवंत बाईला कशाला पडेल? दवाखान्यात रोज माणसं मरताना बघणाऱ्या तेजस्वीलाही तो कधी पडला नव्हता.

भिंतीवरचं ऊन सरलं. मग ती संध्याकाळची बस गाठायची म्हणून उठली. पिशवी आतल्या खोलीत होती.

आता आपण पारमिताकडं येऊ. मोठी माणसं दुःखी झाली की लहानांना विसरतात. ही पोर सगळा वेळ तिथंच होती. सगळे पांगल्यावर ती पडद्याजवळ सरकली होती. आवाज बंदच होता. तिनं फीत मागं घेतली, आज्जीला पदर सोडू दिला, आणि आज्जीनं तोंड उघडलं तसं आपलं उघडलं. आज्जीनं मिटलं तसं मिटलं. तोंडातून काहीच काढलं नाही. गाणं कुठलं हे तिला शोधायचं नव्हतं. ते कुणालाच माहीत नाही, हे तिनं ऐकलं होतं. मग दिसतंय तेवढं तरी नीट बघावं, असं तिला वाटलं असावं. फीत मागं घ्यायची, परत लावायची, परत मागं.

तेजस्वी दारात आली तेव्हा पारमितानं वळून बघितलं नाही.

"तेजूआत्या, आज्जी इथं थांबते. श्वास घेते. बघ."

"बघितलं बाळा."

"नाही, तू आज्जीकडं बघितलंस. तुझ्याकडं बघ." पारमितानं पडद्यावर बोट टेकवलं, टोपड्यातल्या बाळावर. "ती गाते तेव्हा तू हलत नाहीस. अजिबात नाही. ती थांबली की तू तिच्या तोंडाला हात लावतेस. इथं. आणि परत इथं. दर वेळी. मग ती परत म्हणते."

तेजस्वीच्या हातात पिशवीचा बंद होता. पडद्यावर लक्ष्मीबाईनं ओठ मिटले. बाळाचा इवलासा हात वर आला, चाचपडला, आईच्या हनुवटीवरून ओठांवर गेला. आणि ओठ उघडले.

"तू ऐकलंयस," पारमिता म्हणाली.

फीत पुढं गेली, पाठवणी आली, जया रडू लागली. पारमितानं बटण दाबून सगळं मागं नेलं. जया मागं चालत मंडपात आली, बायका मागं सरकल्या, लक्ष्मीबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिथं पारमितानं चित्र थांबवलं. मग ती चटईवर एका बाजूला सरकली, शेजारची जागा हातानं झटकून साफ केली, बटणावर बोट ठेवलं, आणि न दाबता वाट बघत बसली.